तमाशाचा आवाज कोणत्या तबकडीवर जपणार?

प्रतिनिधी, नारायणगाव

गुढीपाडव्याच्या आगेमागे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरले, की तमाशा फडांच्या राहुट्या दिसू लागतात. गावोगावचे पंच आणि यात्रा समित्यांचे पदाधिकारी येथे येतात, फडमालकांशी बोलणी होते, सुपारी ठरते आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर राज्याच्या निरनिराळ्या भागांतील जत्रांचा तमाशा पक्का होतो. या गावाला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. भाऊ-बापू मांग यांचा फड येथला, विठाबाई नारायणगावकरांचे नाव येथले. बोलणी चालू असताना फडाचा माणूस आता खिशातून मोबाइल काढून गेल्या वर्षीच्या गवळणीची चित्रफीत दाखवतो. गाव आवाजावरून नव्हे, तर बहुधा चित्रावरून निर्णय घेते. कारण त्या इवल्याशा स्पीकरमधून ढोलकी ऐकू येते ती डबा वाजवल्यासारखी.

या दृश्याचा संबंध ‘सुपर ऑडिओ सीडी’ नावाच्या परदेशी तबकडीशी जोडणे वरकरणी विचित्र वाटेल. वास्तविक दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. आवाज किती बारकाईने टिपला, तो कशावर साठवला आणि तो परत ऐकवणारे यंत्र घरात आहे की नाही? जगातील बड्या कंपन्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांतील काही फसली. त्या फसण्यातून आपल्या दोन तालुक्यांना शिकण्यासारखे बरेच आहे.

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली. आवाजाच्या लहरीचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप करायचे आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचे, हे तिचे गणित. याच दोन कंपन्यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. तिच्यात प्रत्येक मोजमापाला एकच बिट असतो, मात्र मोजमाप सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा होते. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी गोटातून डीव्हीडी-ऑडिओ आली. तिच्यात २४ बिट आणि सेकंदाला १ लाख ९२ हजारांपर्यंत मोजमापे बसत. २४ बिट म्हणजे तब्बल १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या. लहर मोजून तिचे आकडे करायचे, हे तत्त्व जुन्नरकरांना परके वाटण्याचे कारण नाही. खोडदच्या महाकाय दुर्बिणीतील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी गोळा करतात, तेव्हा त्यांचेही अखेर आकडेच होतात. एकाच तालुक्यात आकाशगंगेच्या कुजबुजीची एवढी निगा राखली जावी आणि हलगीची नोंद मात्र कोणी धडपणे ठेवू नये, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

या दोन्ही तबकड्यांचे घरोघरी काय झाले, याचे उदाहरण प्रस्तुत प्रतिनिधीच्या आजोळीच आहे. मंचरच्या मामांनी २००५ च्या सुमारास, टोमॅटोला बरा भाव मिळालेल्या एका हंगामात, पाच लहान आणि एक मोठा स्पीकर असलेला ‘होम थिएटर’ संच घेतला. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होता. त्याने पाश्चात्त्य वाद्यवृंदाची एक सुपर ऑडिओ सीडी मोठ्या हौसेने पाठवली आणि फोनवरून बजावले, की हिचा आवाज सीडीच्या कितीतरी वरचा आहे. शेजारीपाजारी जमले, तबकडी सरकन आत गेली, वादन सुरू झाले, सर्वांनी माना डोलावल्या. आमच्या मामी तेवढ्या म्हणाल्या, की आपल्या रेडिओत आणि यात काही फरक कळत नाही. मामींचे म्हणणे बरोबर होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. त्या दिवशी सुपर ऑडिओ सीडी मुळी वाजलीच नव्हती.

कारण असे. अशा बहुतेक तबकड्या दुपदरी असत. लेबलाच्या बाजूला, १.२ मिलिमीटर खोलीवर साध्या सीडीचा पदर आणि त्याच्या निम्म्या खोलीवर उच्च प्रतीच्या आवाजाचा पदर. कोणत्याही सीडी प्लेअरमध्ये ती चालावी, ग्राहक बिचकू नये, हा त्यामागचा व्यापारी विचार होता आणि तो गैरही म्हणता येणार नाही. पण त्यामुळेच घोटाळा झाला. साध्या डीव्हीडी प्लेअरला वरचा पदर उलगडण्याची विद्या नसे. तो निमूटपणे सीडीचा पदर वाजवत असे. यंत्र तक्रार करत नसे, तबकडी तक्रार करत नसे आणि ऐकणाऱ्याला वाटे, की आपण काही तरी अद्भुत ऐकतो आहोत. मामांच्या संचात पाचही स्पीकर घुमत होते, ते दोन वाहिन्यांचा आवाज पाच ठिकाणी वाटून देणारे एक बटण दाबलेले होते म्हणून.

डीव्हीडी-ऑडिओची गत निराळी, पण फलित तेच. त्या तबकडीत उच्च प्रतीच्या विभागाशेजारी बहुधा चित्रपटाच्या डीव्हीडीसारखाच एक विभाग असे आणि त्यात तोच कार्यक्रम डॉल्बी डिजिटल पद्धतीने दाबून भरलेला असे. साधा प्लेअर हा दुसरा विभाग वाजवी. ज्यांनी दोन्ही प्रकार वाजवणारा महागडा प्लेअर घेतला, त्यांचेही हाल संपत नव्हते. चोरट्या प्रती निघतील या भयाने कंपन्यांनी हा आवाज नेहमीच्या डिजिटल वायरीतून पूर्ण प्रतीने बाहेर पडू दिला नाही. तेव्हा प्लेअरच्या पाठीमागून सहा वायरी ओढून ॲम्प्लिफायरच्या सहा छिद्रांत घालाव्या लागत. एखादी उलटसुलट झाली, की गायक मागच्या भिंतीतून गाऊ लागे. पुढे २००४ आणि २००५ मध्ये एचडीएमआयच्या सुधारित आवृत्त्यांत एका वायरीची सोय झाली खरी, पण तोवर तरुण मंडळी एमपी-३ कडे वळली होती. आवाज घटला तरी चालेल, गाणी खिशात मावली पाहिजेत, असा कौल बाजाराने दिला.

ज्या वाचकांच्या घरी अशा तबकड्या आणि त्या वाजवणारा प्लेअर आजही आहे, त्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. प्लेअरच्या दर्शनी पट्टीवर ‘एसएसीडी’ किंवा ‘डीव्हीडी-ऑडिओ’ ही अक्षरे उमटतात काय? उमटत नसतील तर यंत्राच्या यादीत जाऊन कोणता पदर आधी वाचायचा, ते ठरवावे लागते. अनेक यंत्रांत ही निवड एखाद्या कोपऱ्यात दडवलेली असते. आणि हे सारे जमले, तरी पंखा चालू असेल तर फारसा उपयोग नाही. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते, २४ बिटांत कागदोपत्री १४४. एप्रिल-मेमध्ये पंखा फिरणाऱ्या खोलीतच चाळीसेक डेसिबलचा गलका असतो. त्याखालचे बारकावे तबकडीत असले काय आणि नसले काय! शिवाय त्या वर्षांत ग्रामीण भागातील भारनियमन दिवसाला बारा-बारा तासांवर गेले होते. वीज असेल तेव्हा आधी पिकाला पाणी, मग संगीत.

जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत तबकडी पोहोचली ती वेगळीच. ती व्हिडिओ सीडी. पाश्चात्त्य देशांनी जिला फारसे जवळ केले नाही, ती १९९३ ची ही तबकडी आशियात मात्र पसरली. स्वस्त प्लेअर, स्वस्त तबकडी आणि पोस्टाच्या तिकिटासारखे अंधुक चित्र असले, तरी चालता-बोलता वग घरबसल्या पाहायला मिळे. मोसर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या व्हिडिओ सीडी तीस रुपयांच्या आत विकायला काढल्या, तेव्हा तर भाजीच्या पिशवीतून तबकड्या घरी येऊ लागल्या. पुढे तीच कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. तबकडीच्या धंद्याचे आयुष्य किती अल्प, याचा याहून वेगळा दाखला नको.

व्हिडिओ सीडीत आवाजाला सेकंदाला २२४ किलोबिट एवढीच जागा ठेवलेली असते. साध्या सीडीत ती १,४११ किलोबिट असते, म्हणजे येथे सुमारे सहावा हिस्सा. एका तबकडीत ७४ मिनिटे मावतात. रात्रभर चालणारा तमाशा तीन तबकड्यांत कोंबायचा, तर गण आटोपशीर होतो, बतावणी तुटते, सोंगाड्याने प्रेक्षकांतल्या एखाद्या पुढाऱ्याला मारलेली कोपरखळी कात्रीखाली जाते. तरीही २२४ किलोबिट हा आकडा स्वतःहून तितका वाईट नाही, हे कबूल केले पाहिजे. खरा घात त्याआधीच झालेला असे. पुष्कळदा आवाज कॅमेऱ्यावरच्या मायक्रोफोनने, तोही कनातीतल्या कर्ण्यासमोरून घेतलेला. असा कॅमेरा आवाज वाढला की आपोआप तो दाबतो आणि शांतता झाली की आपोआप वाढवतो. हलगीचा कडकडाट आणि त्यानंतरची क्षणभराची स्तब्धता ही तर तमाशाची जान! यंत्राने दोन्हींना एका पातळीवर आणून ठेवले. मंजिरीची किणकिण आणि तुणतुण्याची तार गर्दीत विरघळून गेली आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’चा टिपेचा सूर चिरकला.

आजचे मोबाइलवरचे चित्रीकरण याच रोगाचे पुढचे रूप आहे. चित्र आरशासारखे लख्ख, आवाज मात्र यंत्राच्या मर्जीने चेपलेला. लाखोंनी पाहिलेल्या चित्रफितीतही ढोलकीचा हात कसा पडला, हे शिकाऊ मुलाला कळत नाही.

मग उच्च प्रतीच्या ध्वनीचा आग्रह धरावा काय? या वादात दोन अभ्यासांचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च प्रतीच्या तबकडीचा आवाज थेट, तसेच तोच आवाज १६ बिटांच्या सीडीच्या मापातून काढून ऐकवण्यात आला. साडेपाचशेहून अधिक वेळा विचारणा झाली. बरोबर उत्तरे निम्मी. म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते तरी तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्रित छाननी केली. त्यांना फरक आढळला, पण बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपासच भरले. प्रशिक्षित कानांना थोडे अधिक जमले. हे ध्यानात घेता, दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्या सामान्य रसिकाने महागड्या प्लेअरपायी कर्ज काढण्याचे कारण नाही, असेच आमचे मत आहे. मामींचा कान शास्त्राच्या बाजूने होता.

परंतु ऐकणे वेगळे आणि जपणे वेगळे. येथेच पुष्कळांची गफलत होते. ध्वनिमुद्रण करताना हलगी कधी कडाडेल, हे आधी सांगता येत नाही. १६ बिटांत मुद्रण करायचे तर पातळी वर ठेवावी लागते आणि अचानक थाप पडली की आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. २४ बिटांत पातळी ऐसपैस खाली ठेवून निर्धास्त बसता येते. जुन्या ध्वनिफितीवरून उतरवून घेतलेला आवाजही पुढे स्वच्छ करायचा असतो, खरखर काढायची असते. प्रत्येक संस्काराबरोबर आकड्यांची थोडी झीज होते. ती झीज सोसायला मूळ प्रत भक्कम लागते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत जुन्या मुद्रणांसाठी किमान २४ बिट आणि ४८ हजार मोजमापे, शक्य तर ९६ हजार, असा दंडक आहे, तो याचसाठी. म्हणजे ज्या गुणवत्तेचा दिवाणखान्यात फारसा उपयोग झाला नाही, तिची खरी जागा संग्रहालयात आहे.

याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉं यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेक वर्षे केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या. पण केवळ शब्दांवर न थांबता १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांनी त्या बायकांचा आवाजही डिजिटल फितीवर मुद्रित केला. त्या काळी खेड्यात जाऊन एवढ्या निगुतीने मुद्रण करणे ही चैन वाटली असेल. आज ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या व्यासपीठावर त्या ओव्या २०१७ पासून कोणालाही ऐकता येतात आणि जात्याची घरघरसुद्धा वेगळी कळते. संगीताच्या अभ्यासासाठीचे मोठे ध्वनिसंग्रहालय, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे, १९८२ मध्ये सुरू झाले तेही पुण्यातच. नंतर ते दिल्लीकडे गेले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जुन्या लाखेच्या तबकड्यांबाबत असेच चिकाटीचे काम केले. ओवीला, ख्यालाला, नाट्यपदाला कोणी तरी वाली भेटला. तमाशाच्या वाट्याला पुरस्कार आले. विठाबाईंच्या नावाने राज्य शासनाने २००६ पासून जीवनगौरव देण्यास प्रारंभ केला, हे चांगलेच झाले. तथापि विठाबाई २००२ मध्ये गेल्या. रात्री तिसऱ्या प्रहरी, कनातीत, हजारोंच्या समोर त्यांचा आवाज कसा लागत असे, ते पूर्णपणे ऐकवू शकेल असे मुद्रण आजच्या कलावंताला सहजी हाती लागत नाही.

जे आहे तेही झिजते आहे. ध्वनिफितीचा चुंबकी थर सुटतो. कारखान्यात छापलेली तबकडी बऱ्यापैकी टिकते, पण घरी संगणकावर ‘जाळलेल्या’ तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो ऊन-उष्णतेने फिका पडत जातो. जत्रांतून विकल्या गेलेल्या किती प्रती छापलेल्या आणि किती जाळलेल्या, हे पाठीमागचा रंग पाहून ओळखता येते: छापलेली चंदेरी, जाळलेली बहुधा हिरवट किंवा निळसर. दुसरीकडे प्लेअरच दुर्मिळ होत चालले आहेत. उच्च प्रतीच्या तबकड्यांसाठी नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी तसेच जाहीर केले, एलजीनेही २०२४ च्या अखेरीस ब्ल्यू-रे प्लेअरचा नाद सोडला. ॲपलने २०२१ मध्ये कोणतेही वेगळे मोल न घेता २४ बिटांची गाणी इंटरनेटवरून देण्यास सुरुवात केल्यावर तबकडीचे उरलेसुरले प्रयोजनही आटले. सुपर ऑडिओ सीडीचे दुर्दैव तर असे, की चोरीच्या भयाने घातलेल्या कुलपामुळे ती साध्या संगणकावर उतरवूनही घेता येत नाही. प्लेअर गेला की तबकडीही गेलीच. कुलूप नसलेली गरीब व्हिडिओ सीडी या बाबतीत भाग्यवान म्हणायची.

आणखी एक गुंता हक्कांचा आहे. कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. फिती काढणाऱ्या लहान कंपन्यांपैकी कित्येकींचे फलकही आता उरलेले नाहीत. परवानगी मागायची कोणाकडे? कलावंतांचे स्वतःचे हक्क कायद्यात आले ते १९९४ मध्ये आणि मानधनाच्या दृष्टीने बळकट झाले ते २०१२ च्या दुरुस्तीने. त्याआधी ज्यांनी एकरकमी पैसे घेऊन गायिले, त्यांच्या वारसांना विचारात घेतल्याशिवाय कोणताही संग्रह उभा करणे न्याय्य ठरणार नाही. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशा लागोपाठ दोन वर्षी जत्रा बुडाल्या, तेव्हा फडांवर कोणती वेळ आली, हे या भागाने पाहिले आहे. कांताबाई सातारकर त्याच काळात, मे २०२१ मध्ये गेल्या. घरातल्या पेटीत पडलेल्या फितींपेक्षा त्या दिवसांत किराण्याची चिंता मोठी होती.

तेव्हा करायचे काय, याचे उत्तर फारसे खर्चिक नाही. २४ बिट, ९६ हजारांच्या मापाने मुद्रण करणारे यंत्र आता तळहातावर मावते. त्याची किंमत एखाद्या बऱ्या मोबाइलहून अधिक नसते. कनातीतल्या मिक्सरवरून एक वायर आणि रंगमंचापुढे थोड्या अंतरावर दोन मायक्रोफोन एवढ्यावर एक रात्र पूर्ण टिपता येते. अट एकच, की आवाज आपोआप चेपणारी सोय बंद ठेवायची. जुन्या फिती उतरवण्यासाठी एक चांगला कॅसेट डेक आणि त्याचे हेड प्रत्येक फितीगणिक जुळवून घेणारा जाणकार हवा. सांस्कृतिक खात्याने अथवा पुण्यातील एखाद्या विद्यापीठाने मनावर घेतले, तर स्थळकाळही तयार आहे. राज्यातील बहुतेक मोठे फड वर्षातून एकदा, काही आठवडे, एकाच गावात राहुट्या टाकून बसतात. प्रत्येक फडाने आपापल्या पेटीतील फिती आणि तबकड्या सोबत आणाव्यात, त्या तेथेच उतरवून घ्याव्यात, एक प्रत फडाला आणि एक संग्रहालयाला द्यावी, हक्काचा कागद तिथेच करावा. गावोगाव फिरून जे वर्षानुवर्षे जमणार नाही, ते नारायणगावच्या रस्त्याकडेला पंधरवड्यात बरेचसे जमेल. पावसाळ्यात फड पांगतात, कलावंत आपापल्या गावी रोजंदारीला लागतात आणि मग विचारायचे कोणाला?

मंचरच्या मामांचा संच आता माळ्यावर आहे. पाचांपैकी तीन स्पीकर उंदरांनी कुरतडले. न्यू जर्सीची तबकडी कपाटात नीट आहे, ती वाजवणारे यंत्र घरात आजवर आलेच नाही. प्लेअरचा कप्पा मात्र गेली काही वर्षे उघडत नाही. आतला रबरी पट्टा सैल झाला आहे, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. त्या मापाचा पट्टा नारायणगावात मिळाला नाही, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत पाहावा लागेल. आत एक व्हिडिओ सीडी अडकली आहे. जत्रेत घेतलेल्या एका वगाची ती दुसरी तबकडी. पहिली आणि तिसरी आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या आहेत.